सहकारी रुग्णालय काढायचं आहे? आधी मालकीचा हिशेब नीट मांडा

प्रश्न असा आहे: तालुक्याच्या गावी साठ-सत्तर जण एकत्र आले आहेत. त्यांत काही डॉक्टर, काही शेतकरी आणि पतसंस्थांचे दोन-तीन संचालक आहेत. त्यांना ३० बेडचं रुग्णालय काढायचं आहे. ट्रस्ट करावा, कंपनी करावी की सहकारी संस्था? सहकारी केली तर मालक नेमका कोण, पैसा कुठून येतो, नफा कुणाला मिळतो, आणि अशी रुग्णालयं अडचणीत येतात ती कशामुळे?

महाराष्ट्रात सहकार म्हटलं की साखर कारखाना, दूध संघ नाहीतर पतसंस्था डोळ्यांपुढे येते आणि तोच साचा रुग्णालयाला लावला जातो. गोंधळाची सुरुवात तिथेच होते. कारखान्याचा सभासद शेअर घेतो तो लाभांशासाठी नव्हे. आपला ऊस वेळेवर तुटावा आणि टनाला बरा भाव मिळावा, एवढंच त्याला हवं असतं. दूध घालणाऱ्याचं तसंच. संस्थेशी त्याचा रोजचा नाहीतर दर हंगामाचा व्यवहार असतो, त्यामुळे संस्था बिघडली की त्याला आठ दिवसांत कळतं आणि तो चेअरमनच्या दारात जाऊन उभा राहतो. रुग्णालयाच्या सभासदाचं काय? तो पाच-पाच वर्षं तिकडे फिरकणार नाही, आणि न फिरकणं यातच त्याचं भलं आहे. मालक आहे पण व्यवहार नाही, अशी ही संस्था असते. जिचा सभासद तिच्याकडे बघतच नाही ती संस्था चार-दोन जणांच्या हातात जायला वेळ लागत नाही. म्हणून मालकाला रुग्णालयाशी बांधून ठेवणारा धागा कोणता, हे उपविधी, म्हणजे संस्थेची नियमावली, लिहायच्या आधी ठरवावं लागतं.

जगभरात हा धागा वेगवेगळ्या ठिकाणी बांधलेला दिसतो.

पहिली रीत उपचार घेणाऱ्यांच्या मालकीची. आपल्याकडे दादरचं शुश्रूषा सिटिझन्स को-ऑपरेटिव्ह हॉस्पिटल हे त्याचं जुनं उदाहरण आहे. डॉ. वसंत रणदिवे यांच्या पुढाकाराने १९६०च्या दशकात नागरिकांनी शेअर घेऊन ते उभं केलं. केरळात ही कल्पना सर्वांत जास्त रुजली. कोचीचं इंदिरा गांधी सहकारी रुग्णालय आणि पेरिंतलमण्णाचं ई.एम.एस. स्मारक सहकारी रुग्णालय ही तिथली ठळक नावं.

पण सभासद निरोगी असताना त्याला बांधून कसं ठेवायचं, याचं सर्वांत चांगलं उत्तर जपानने शोधलं. तिथल्या आरोग्य सहकारी संस्थांचे मिळून जवळपास ३० लाख सभासद आहेत आणि ते ‘हान’ नावाच्या छोट्या शेजारगटांत विभागलेले असतात. गल्लीतली काही घरं एका घरी जमतात. रक्तदाबाचं यंत्र मध्ये ठेवलेलं असतं, प्रत्येक जण आपला रक्तदाब मोजून वहीत लिहितो. लघवीतलं मीठ तपासायची पट्टी असते. पट्टीचा रंग बघून कुणाच्या घरच्या सूपात आणि लोणच्यात मीठ जास्त पडतंय ते तिथेच कळतं, आणि पुढच्या बैठकीला पुन्हा मोजायचं ठरतं. मध्येच संस्थेची नर्स येते, प्रश्न ऐकते, रुग्णालयात काय कमी पडतंय ते टिपून घेते. नागानो प्रांतातलं साकू मध्यवर्ती रुग्णालय शेतकरी सहकारी संघाचं. तिथे डॉ. तोशिकाझू वाकात्सुकी यांनी १९५९पासून शेजारच्या याचिहो गावात घरटी आरोग्य तपासणी सुरू केली. आजार व्हायच्या आधीच सभासद संस्थेशी व्यवहार करतो, म्हणून मालकी जिवंत राहते. आपल्याकडे उपविधीत ‘सभासदांची वर्षातून एक तपासणी’ असं लिहिलेलं असतं, पण ती कोण करणार आणि तिचा खर्च कुठून निघणार हे नसतं. ते लिहा.

दुसरी रीत डॉक्टरांच्या मालकीची. ब्राझीलमधल्या सांतोस शहरात १९६७ साली डॉक्टरांनी युनिमेड ही आरोग्य विमा देणारी सहकारी संस्था स्थापन केली. आज तिच्याखाली ३००हून अधिक स्थानिक सहकारी संस्था आणि लाखाहून अधिक डॉक्टर आहेत. आपल्याकडे सोलापूरचं अश्विनी सहकारी रुग्णालय वैद्यकीय मंडळींच्या पुढाकारातून मोठं झालेलं आहे. या रचनेत धागा पक्का असतो, कारण डॉक्टर रोज तिथे काम करतो. धोका दुसराच आहे. आपल्या फीचे दर ठरवणारा आणि ते घेणारा एकच होतो. शिवाय, डॉक्टरांची संस्था असली म्हणून ती आर्थिक अडचणीत येणार नाही असं नाही. साओ पाउलोची युनिमेड पाउलिस्ताना २०१५ साली इतकी गाळात गेली की तिथल्या नियामकाने तिचे सात लाखांहून अधिक विमाधारक दुसरीकडे हलवायला लावले.

तिसरी रीत आरोग्य कर्मचाऱ्यांच्या मालकीची. गुजरातमध्ये स्वयंरोजगार करणाऱ्या स्त्रियांच्या ‘सेवा’ या संघटनेच्या आरोग्यसेविका आणि दायांनी १९९० साली लोक स्वास्थ्य ही सहकारी संस्था नोंदवली. स्वस्त औषधांची दुकानं आणि आयुर्वेदिक औषधांचं उत्पादन यावर ती स्वतःचा खर्च काढते. बेड नाहीत, शस्त्रक्रियागृह नाही, तरी ती आरोग्य सहकारी संस्थाच आहे.

चौथी रीत मला सगळ्यांत विचारपूर्वक केलेली वाटते: दोन संस्था, एक रुग्णालय. बार्सिलोनात १९८९ साली सुरू झालेल्या हॉस्पिटल दे बार्सेलोनाची मालकी रुग्णांच्या सहकारी संस्थेकडे आहे. डॉक्टरांची सहकारी संस्था वेगळी आणि विमा तिच्याकडे. दोघी एकत्र बसून कारभार बघतात. दर वाढवायचा तर समोर ते पैसे देणाऱ्यांचे प्रतिनिधी बसलेले असतात. तालुक्याच्या पातळीवर दोन संस्था काढणं जड जाईल, पण हीच विभागणी एका संस्थेच्या उपविधीत आणता येते. ते पुढे सांगतो.

पाचव्या रीतीत रुग्णालय बांधावंच लागत नाही. कर्नाटकात २००३ साली सुरू झालेल्या यशस्विनी योजनेत सहकारी संस्थांचे सभासद सुरुवातीला माणशी वर्षाला ६० रुपये भरत. त्या एकत्रित ताकदीवर शस्त्रक्रियांचे दर रुग्णालयांकडून आधीच ठरवून घेतलेले असत. मात्र असं काही स्वतःच्या बळावर करायला जाऊ नका. ‘वर्षाला इतके भरा, आजार झाला तर उपचार फुकट’ असं आश्वासन म्हणजे विमा, आणि विम्याला आयआरडीएआय या विमा नियामकाचा परवाना लागतो. सवलतीचं कार्ड चालतं, मोफत उपचाराची हमी चालत नाही. कित्येक चांगल्या मंडळींना हा फरक नोटीस आल्यावर कळतो.

आता ट्रस्ट, कंपनी आणि सहकारी संस्था यांतली निवड. देणग्या हा तुमचा मुख्य आधार असेल तर ट्रस्ट करा. देणगीदाराला आयकरात वजावट ट्रस्टमुळे मिळते, सहकारी संस्थेला देणगी देऊन ती मिळत नाही. त्याबदल्यात धर्मादाय रुग्णालयाला १० टक्के बेड निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवावे लागतात. ज्यांना गुंतवणुकीची किंमत वाढायला हवी आहे त्यांनी सरळ कंपनी काढावी. सहकारी संस्थेत शेअरची किंमत वाढत नाही. पाच हजारांचा शेअर वीस वर्षांनी परत घेताना पाच हजारच मिळतात. लाभांशाला १५ टक्क्यांची कमाल मर्यादा आहे. संस्था गुंडाळायची वेळ आली तरी सगळी देणी भागवून उरलेली मालमत्ता सभासदांत वाटता येत नाही, ती उपविधीतल्या उद्देशांसाठी किंवा सार्वजनिक कामासाठी जाते. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलची ग्रुप हेल्थ ही १९४७ पासूनची सभासदांची संस्था २०१७ मध्ये कैसर पर्मनेंटेमध्ये विलीन झाली, तेव्हाही मोबदल्याची रक्कम सभासदांच्या खिशात गेली नाही, ती एका नव्या सामाजिक प्रतिष्ठानाकडे गेली. हे प्रवर्तकांच्या पहिल्याच बैठकीत स्पष्ट बोला. ‘जागेची किंमत वाढेल, शेअरही वाढेल’ या आशेवर दिलेले पैसे पुढे भांडणाचं मूळ ठरतात.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली नोंदणीसाठी वेगवेगळ्या कुटुंबांतल्या किमान १० व्यक्ती लागतात. क्रम असा: प्रवर्तकांची सभा घेऊन मुख्य प्रवर्तक निवडायचा, प्रस्तावित नाव आणि बँक खातं यांना सहकारी संस्थांच्या निबंधक कार्यालयाची परवानगी घ्यायची, शेअर आणि प्रवेश फी त्या खात्यात जमा करायची, मग प्रकल्प अहवाल, सभासदांची यादी आणि उपविधीच्या चार प्रतींसह अर्ज करायचा. निबंधकाने दोन महिन्यांत निर्णय द्यावा अशी कायद्याची अपेक्षा आहे. नोंदणी झाल्यावर तीन महिन्यांत पहिली सर्वसाधारण सभा होते. अर्ज अडकतो तो बहुधा प्रकल्प अहवालापाशी. छापील नमुन्यात आकडे भरलेले असतात, पण परिसरात आज किती बेड आहेत, रुग्ण कुठे जातात, कोणत्या तज्ज्ञ डॉक्टरांनी लेखी होकार दिला आहे, यातलं काहीच नसतं. हे असलं तर काम पुढे सरकतं, आणि पुढे कर्जाच्या वेळीही हाच अहवाल उपयोगी पडतो.

मत एका सभासदाला एकच, मग शेअर एक असो की शंभर. कुणाही एका सभासदाला एकूण भागभांडवलाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त शेअर घेता येत नाहीत. निव्वळ नफ्यातला किमान चौथा हिस्सा राखीव निधीत जातो. हे सगळं कायद्यातच आहे, त्यावर वेळ घालवू नका. वेळ घालवा तो उपविधीतल्या तीन गोष्टींवर.

एक, सभासदांचे वर्ग आणि समितीतल्या जागा. कारभार बघणारी निवडून आलेली समिती जास्तीत जास्त २१ जणांची असते. तिच्यात डॉक्टर सभासदांच्या जागांना वरची मर्यादा घाला, एक तृतीयांश पुरे. राखीव आणि महिलांच्या जागा कायद्याप्रमाणे येतातच. तज्ज्ञ संचालक म्हणून एक रुग्णालय प्रशासनातला आणि एक हिशेबातला माणूस घ्या. बार्सिलोनाने जे दोन संस्था काढून साधलं त्याचा काही भाग एवढ्याने साधतो.

दोन, दर ठरवणारी उपसमिती. तिच्यात इथे रुग्ण बघणारा किंवा त्या दरांतून पैसे मिळवणारा कुणीही नसावा. पॅथॉलॉजी, औषध दुकान, रुग्णवाहिका आणि जेवण यांची कंत्राटं संचालकाच्या घरात जाऊ नयेत, हेही शब्दशः लिहा. रुग्ण पाठवण्याबद्दल डॉक्टरला मोबदला हा तर वैद्यकीय परिषदेच्या नियमांखाली गैरवर्तनाचा विषय आहे. ‘जो जास्त पेशंट आणेल त्याला जास्त परतावा’ अशी कल्पना कुणी मांडली तर ती तिथेच थांबवा, मग तिला लाभांश म्हणा नाहीतर प्रोत्साहन.

तीन, वैद्यकीय अधीक्षकाचे अधिकार. कोणता रुग्ण दाखल करायचा, कुणाला आधी शस्त्रक्रियागृह द्यायचं, कोणती नर्स कुठल्या वॉर्डात, ही कामं समितीची नाहीत. किती रुपयांपर्यंतची खरेदी अधीक्षक स्वतः करू शकतो, रात्री दोन वाजता रक्त मागवायचं तर कुणाची सही लागते, बिलात सूट द्यायचा अधिकार कुणाला आणि किती, हे एका पानावर लिहून भिंतीवर लावा. असं पान नसेल तर डिस्चार्जच्या वेळी संचालकाचा फोन येतो, बिलावर हाताने ‘अध्यक्षांच्या सांगण्यावरून’ असं लिहिलं जातं, आणि वर्षअखेरीस लेखापरीक्षक त्याच रकमा वसुलीच्या यादीत दाखवतो.

आता पैशांकडे येऊ. खालचे आकडे उदाहरणासाठी आहेत. तुमच्या गावचे दर घालून हाच हिशेब पुन्हा करा.

३० बेड, ६० टक्के वापर, म्हणजे रोज १८ बेड भरलेले आणि महिन्याला ५४० बेड-दिवस. औषधं सोडून एका बेड-दिवसाचं सरासरी बिल ५,००० रुपये धरलं तर महिन्याचं उत्पन्न २७ लाख. समजा ४० टक्के रुग्ण सभासदांच्या घरातले आहेत आणि सभासदांना बिलात १० टक्के सूट आहे. मग सूट झाली महिन्याला १ लाख ८ हजार, वर्षाला जवळपास १३ लाख. भागभांडवल एक कोटीचं असेल तर ही रक्कम १३ टक्के लाभांशाएवढी होते. फरक एवढाच की लाभांश नफा झाला तरच देतात, सूट तोट्याच्या वर्षीही जाते.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी मांडत नाही. त्या ५,००० मधले समजा ३५ टक्के बाहेरून येणाऱ्या डॉक्टरांच्या फीचे आहेत. तो डॉक्टर आपल्या फीत सूट देत नाही. म्हणजे रुग्णालयाच्या हातात ३,२५० राहतात आणि ५०० रुपयांची सूट त्यातून जाते. कागदावरची १० टक्के सूट प्रत्यक्षात १५ टक्क्यांहून जास्त पडते. पहिल्या दोन वर्षांत तोटा होणारच असतो, तो या सुटीने खोल होतो, आणि एकदा दिलेली सूट काढून घ्यायची हिंमत निवडून आलेल्या समितीत नसते.

त्यापेक्षा बिलाच्या वेळी सगळ्यांना एकच दर लावा, बिलावर सभासद क्रमांक छापा, आणि वर्ष संपल्यावर नफा झाला असेल तरच वापराच्या प्रमाणात रिबेट द्या. दूध संघाचा दिवाळीचा फरक सगळ्यांच्या परिचयाचा आहे, लोकांना ही पद्धत समजावून सांगावी लागत नाही. सभासदांना लगेच काही द्यायचंच असेल तर बाह्यरुग्ण तपासणी, रक्तदाब-साखर तपासणी आणि लसीकरण यांत द्या. खर्च थोडा असतो आणि सभासद निरोगी असतानाही दारात येतो.

भांडवल उभं करताना नेहमीची चूक म्हणजे इमारतीपुरता पैसा गोळा करणं. समजा प्रकल्प साडेचार कोटींचा. दोन हजार सभासदांचे पाच-पाच हजार म्हणजे एक कोटी, वीस डॉक्टरांचे पाच-पाच लाख म्हणजे आणखी एक कोटी, उरलेले अडीच कोटी कर्ज. कागदावर जमतं. पण यात खेळतं भांडवल कुठे आहे? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि विमा कंपन्यांचे रुग्ण घेतले की पैसे उशिरा येतात. पगार एक तारखेला, औषध पुरवठादार तीस ते पंचेचाळीस दिवसांत, आणि दाव्याची रक्कम कागदपत्रांतल्या त्रुटी निघत निघत कधीतरी. किमान चार महिन्यांच्या पगाराएवढी रोकड बाजूला ठेवल्याशिवाय कॅशलेस सुरू करू नका. ही रोकड नसली की मग सभासदांकडून ठेवी घ्यायची कल्पना पुढे येते. एका वर्षाच्या ठेवी दहा वर्षांत पैसा परत देणाऱ्या इमारतीत अडकतात, एक अफवा उठते, आणि चालतं रुग्णालय ठेवी परत करण्यात संपतं. हा मार्ग धरूच नका.

शेअर परत मागणाऱ्यांचाही विचार करा. राजीनामे एकदम आले तरी वर्षभरात परत करायच्या शेअर रकमेला कायद्याने भागभांडवलाच्या १० टक्क्यांची मर्यादा आहे. ती संस्थेला वाचवते. पण सभासदाला हे आधी सांगितलेलं नसेल तर तो फसवणुकीची तक्रार घेऊन निबंधकाकडे जातो, म्हणून शेअरच्या अर्जावरच हे वाक्य छापा.

कर्जासाठी राष्ट्रीय सहकार विकास निगमाची आयुष्मान सहकार योजना आहे. १९ ऑक्टोबर २०२० रोजी जाहीर झाली तेव्हा तिच्यासाठी १०,००० कोटी रुपयांची तरतूद सांगितली होती. इमारत, यंत्रसामग्री, खेळतं भांडवल यांना ती लागू होते आणि महिला सभासद बहुसंख्य असलेल्या संस्थांना व्याजात एक टक्का सवलत ठेवलेली आहे. अट साधी पण महत्त्वाची: संस्थेच्या उपविधीत आरोग्यसेवेचा उद्देश असला पाहिजे. म्हणजे एखादी चालू संस्थाही उपविधी दुरुस्त करून पात्र ठरू शकते.

यंत्रखरेदीचा मोह सगळ्यांना होतो. शेजारच्या रुग्णालयात सीटी स्कॅन आला की सभेत टाळ्यांच्या गजरात ठराव होतो. ठरावाआधी फळ्यावर हा हिशेब लिहा. एक कोटीचं कर्ज, १० टक्के व्याज, पाच वर्षं: हप्ता २ लाख १२ हजार. वॉरंटी संपल्यावरचा सर्वसमावेशक देखभाल करार समजा वर्षाला आठ लाख, म्हणजे महिन्याला ६७ हजार. दोन तंत्रज्ञ ५० हजार, वीज आणि वातानुकूलन ४० हजार. एकूण ३ लाख ६९ हजार. फिल्म, औषध आणि रेडिओलॉजिस्टचा अहवाल वजा जाता एका तपासणीमागे १,५०० उरत असतील तर महिन्याला २४६ तपासण्या झाल्या तरच बरोबरी होते. रविवार धरून रोज आठ. इतक्या तपासण्या लिहिणारे डॉक्टर गावात आहेत का? नसतील तर तपासण्या लिहाव्यात म्हणून दबाव येतो, आणि सभासदाच्या मालकीचं रुग्णालय सभासदालाच नको असलेल्या तपासण्या करायला लावतं. सहकाराचा अर्थ तिथेच संपतो. अशा यंत्रासाठी पहिली पाच वर्षं बाहेरच्या केंद्राशी दर ठरवून घेणं शंभरदा बरं.

परवान्यांबद्दल थोडक्यात. नर्सिंग होम नोंदणी दर तीन वर्षांनी, सोनोग्राफीसाठी गर्भलिंगनिदान बंदीच्या पीसीपीएनडीटी कायद्याखालची नोंदणी, एक्स-रेसाठी अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी, औषध दुकानाचा परवाना, जैववैद्यकीय कचऱ्याचा करार, आणि अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचं ‘फॉर्म बी’ प्रमाणपत्र जानेवारी आणि जुलैमध्ये. कचरा ४८ तासांच्या आत उचलला गेला पाहिजे. सुट्यांच्या दिवसांत गाडी येत नाही तेव्हा पिवळ्या पिशव्या साठतात, त्याची सोय आधी करा. आणि संस्थेच्या नावाने व्यावसायिक दायित्वाचा विमा घ्या. डॉक्टरचा वैयक्तिक विमा पुरेसा नाही. १९९५च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते. सभासद मालक असला तरी रुग्ण म्हणून संस्थेवर दावा करू शकतो.

आता तो धागा पुन्हा हातात घेऊ, कारण सगळं नीट करूनही बहुतेक संस्था तिथेच तुटतात. वार्षिक सर्वसाधारण सभेच्या नोटिशीतली शेवटची ओळ आपल्या सगळ्यांना पाठ आहे: ‘गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी सभा होईल व तिला गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही.’ दोन हजार सभासदांच्या संस्थेची सभा मग चाळीस जणांत उरकते. सात विषय वीस मिनिटांत मंजूर होतात आणि चहा येतो. हे चाळीस जण कोण, तर पॅनेलची माणसं आणि काही कर्मचाऱ्यांचे नातेवाईक. दोन निवडणुका अशा झाल्या की रुग्णालयातल्या नोकऱ्या हाच निवडणुकीचा विषय होतो. पगाराचा खर्च वाढतो, चांगल्या नर्स सोडून जातात, चौकशी लागते आणि प्रशासक येतो. मोठे घोटाळे क्वचितच असतात. बहुतेक वेळा कुणी बघतच नव्हतं, एवढंच घडलेलं असतं.

यावर उपाय सभेच्या आधीच्या अकरा महिन्यांत करायचा. गावनिहाय किंवा वॉर्डनिहाय ४० ते ५० सभासदांचे गट करा आणि प्रत्येक गटाची वर्षातून दोनदा बैठक त्यांच्याच गावात, मंदिराच्या सभामंडपात नाहीतर शाळेत घ्या. नर्स आणि लेखापाल दोघं जाऊ देत. अर्धा वेळ रक्तदाब, वजन, साखर. अर्धा वेळ एका पानाचा अहवाल, ज्यात ताळेबंद नको, नऊ-दहा ओळी हव्यात: महिन्याला किती बेड भरले, रुग्ण सरासरी किती दिवस राहिला, त्यांतले सभासद किती, योजनेचे आणि विम्याचे किती पैसे ९० दिवसांहून जुने येणं आहेत, पुरवठादारांचं देणं किती, उत्पन्नातले किती टक्के पगारात गेले, शस्त्रक्रियेनंतर किती जणांना जंतुसंसर्ग झाला, किती तक्रारी आल्या, त्यांतल्या किती मिटल्या. हेच पान दर महिन्याला समितीपुढे जातं आणि दर्शनी भिंतीवर लागतं. ९० दिवसांहून जुनी येणी एकूण येण्यांच्या चौथ्या हिश्शापुढे गेली की कॅशलेस रुग्णांची संख्या आवरायची, हा नियम आधीच करून ठेवा. जंतुसंसर्गाचा आकडा जाहीर करायला डॉक्टर नाराज होतील. तरी जाहीर करा. रुग्णालयाच्या मालकाला हा आकडा कळलाच पाहिजे.

आणि शेवटी, ३० बेडनेच सुरुवात करायची गरज आहे का? तुमच्याकडे पतसंस्था आहेत, डॉक्टर आहेत. त्यांच्या जोरावर डायलिसिस केंद्र आधी काढता येईल. त्या रुग्णाचा व्यवहार दुधासारखा नियमित असतो: आठवड्याला तीनदा, दर वेळी चार तास, बहुधा आयुष्यभर. पाच यंत्रं, दिवसाला तीन पाळ्या, महिन्याला २६ दिवस म्हणजे ३९० वेळा. एका रुग्णाला महिन्याला साधारण १३ वेळा लागतात, म्हणजे ३० रुग्णांची सोय होते. कावीळ ब आणि क (हिपॅटायटिस बी, सी) असलेल्यांना वेगळं यंत्र लागतं, त्यामुळे प्रत्यक्षात थोडे कमी धरा.

इथे अडतं ते पाण्यापाशी. यंत्रातून मिनिटाला अर्धा लिटर द्रव वाहतो, चार तासांना १२० लिटर आरओचं शुद्ध पाणी लागतं. पाच यंत्रांवर दिवसाला पंधरा वेळा डायलिसिस, म्हणजे रोज १,८०० लिटर शुद्ध, आणि आरओ निम्मं पाणी बाहेर टाकत असेल तर कच्चं ३,६०० लिटर. टाकलेलं पाणी फरशी धुवायला, संडासाला वळवता येतं, त्याची टाकी बांधतानाच ठेवा. मे महिन्यात टँकरवर चालणाऱ्या तालुक्यात पाण्याचा हा करार डॉक्टरच्या कराराइतकाच महत्त्वाचा. एक वेळ चुकली तर रुग्णाच्या फुप्फुसात पाणी भरू शकतं. जनरेटर, दोन दिवसांचा पाणीसाठा आणि महिन्याला पाण्याची जंतुतपासणी, या तीन गोष्टींवर काटकसर चालत नाही.

तीस घरांना हे केंद्र आपलं वाटायला लागलं की सभेला माणसं येतात. पुढच्या बेडसाठी शेअर मागायला जाल तेव्हा तीच माणसं तुमच्याबरोबर येतील. पहिल्या महिन्यात एवढंच करा: साठ-सत्तर प्रवर्तकांनी प्रत्येकी वीस घरांत जाऊन तीन प्रश्न विचारा. गेल्या वर्षभरात घरातलं कोण, कशासाठी, कोणत्या गावच्या दवाखान्यात गेलं? जायला-यायला आणि राहायला किती खर्च आला? तालुक्यातच ती सोय असती तर गेला असता का? बाराशे ते चौदाशे घरांची ही यादी गावनिहाय मांडली की कोणत्या सोयीने सुरुवात करायची ते त्या यादीतच दिसेल.